कोळंबी सोलणाऱ्या हातांना वर्षातले किती दिवस काम?

भारतातून २०२४-२५ या आर्थिक वर्षात ६२,४०८ कोटी रुपयांची मासळी आणि सागरी उत्पादने निर्यात झाली आणि त्यातला ४३ हजार कोटींहून अधिक वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. असे आकडे छापून आले की रत्नागिरीपासून पालघरपर्यंतच्या किनाऱ्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, की धंदा एवढा मोठा आहे तर मासळी प्रक्रिया कारखान्यांत आपल्या मुलामुलींना काम मिळेल का, आणि मिळाले तर ते टिकेल का. उत्तर शोधताना बहुतेक जण रुपयांच्या आकड्याकडे पाहतात, आणि तिथेच गणित चुकते.

आदल्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, निर्यात ६०,५२३ कोटी रुपयांची होती, पण वजन १७.८१ लाख टन होते. २०२४-२५ मध्ये रुपये वाढले आणि वजन मात्र १६.९८ लाख टनांवर आले. निर्यातदाराला पैसे डॉलरमध्ये मिळतात, त्यामुळे माल कमी जाऊनही डॉलरचा भाव आणि परदेशातली किंमत चांगली असेल तर त्याचे वर्ष चांगले जाऊ शकते. कोळंबी सोलणाऱ्या बाईची मजुरी मात्र किलोवर ठरते. तिच्या दृष्टीने त्या वर्षी देशभरातल्या कारखान्यांतून ऐंशी हजार टनांहून अधिक माल कमी गेला. तेव्हा या क्षेत्रातल्या रोजगाराचा अंदाज बांधायचा असेल तर किती किलो माल येतो, तो वर्षातले किती दिवस येतो आणि त्यावर किती हात फिरवावे लागतात, एवढ्या तीन गोष्टी पाहाव्यात.

आधी आतले काम कसे चालते ते पाहू. कारखान्याचे दोन भाग असतात. पहिला सोलाईचा, ज्याला बहुतेक ठिकाणी पीलिंग शेड म्हणतात. दुसरा गोठवण्याचा आणि साठवण्याचा. बर्फात दाबून आलेली कोळंबी स्टीलच्या टेबलावर ओतली जाते आणि दोन्ही बाजूंनी बाया उभ्या राहतात. डाव्या हातात कोळंबी, उजव्या हाताच्या अंगठ्याने डोके मोडायचे, पायांच्या बाजूने कवच उकलायचे, शेपटी ठेवायची की काढायची हे त्या दिवशीच्या ऑर्डरवर ठरते, आणि मोठा नग असेल तर पाठीवर बारीक चीर देऊन आतला काळा दोरा ओढून काढायचा. सराईत हाताला हे सगळे करायला काही सेकंद लागतात. अधूनमधून क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवावे लागतात, खाली फरशीवर सतत पाणी असते आणि समोर बर्फ असतो. त्यामुळे बोटांची कातडी सुरकुतून सोलवटते आणि कोळंबीच्या डोक्यावरचा काटा रुतला की ती जखम लवकर भरत नाही. दहा किलो अख्खी कोळंबी सोलली की हाती साधारण पाच किलो मांस येते. मजुरी बहुतेक वेळा या सोललेल्या मांसाच्या वजनावर मिळते, आणि म्हणून काट्यावर टब चढतो तेव्हा त्यातले पाणी पुरते निथळले आहे की नाही यावरून मुकादम आणि बाया यांच्यात रोज थोडी घासाघीस होते.

किलोवरच्या या मजुरीत एक बारकावा दडलेला आहे, आणि माझ्या मते कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा. निर्यातीच्या धंद्यात कोळंबीचा आकार ‘काउंट’मध्ये मोजतात, म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते. सोललेल्या मालात ३१/४० काउंट म्हणजे एका किलोत साधारण ६८ ते ८८ नग. २००/३०० काउंट म्हणजे एका किलोत ४४० ते ६६० नग. समजा मोठ्या कोळंबीचा दोरा काढावा लागतो म्हणून मिनिटाला दहा नग होतात आणि बारक्या करंदीचे पंधरा. मग मोठ्या मालाचा एक किलो आठ मिनिटांत भरेल आणि बारक्या मालाच्या एका किलोला पस्तीस-छत्तीस मिनिटे लागतील. दोन्हींना किलोमागे एकच दर दिला तर करंदीच्या दिवशी कमाई एक चतुर्थांशापेक्षाही खाली येते. समजदार कारखान्यात काउंटनुसार दर बदलतो. जिथे बदलत नाही तिथे मोठा माल आला की कोणाच्या टेबलावर ओतायचा हे मुकादमाच्या मर्जीवर जाते, आणि मर्जी हा फार महाग सौदा असतो.

सोलाईनंतरचा माल दुसऱ्या भागात जातो. तिथे प्रतवारी होते, वजन होते, ट्रे भरले जातात आणि उणे ४० अंशांच्या आसपास थंड केलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून त्यांचे ठोकळे गोठवले जातात. सुटी कोळंबी हवी असेल तर एकेक नग वेगळा गोठवणाऱ्या यंत्रातून जातो. मालाच्या गाभ्याचे तापमान उणे १८ अंशांपर्यंत उतरले की तो शीतगृहात ठेवतात. या भागातले काम बहुधा हजेरीचे, म्हणजे दिवसाच्या किंवा महिन्याच्या पगाराचे असते आणि तिथे पुरुष अधिक दिसतात. सोलाईचे काम उक्ते, म्हणजे किलोवरच्या मजुरीचे असते आणि तिथे जवळजवळ सगळ्या बायाच असतात. कारखान्याबाहेर, मुंबईच्या ससून डॉकसारख्या १८७५ पासून चालत आलेल्या गोदीवर, हीच सोलाई पहाटेपासून उघड्यावर किंवा पत्र्याखाली चालते. नोकरीच्या जाहिरातीत ‘मासळी प्रक्रिया कामगार’ असा एकच शब्द असतो, पण उक्ते काम आणि हजेरीचे काम यांचे भवितव्य अगदी वेगळे आहे.

रत्नागिरी परिसरात यात आणखी एक शाखा मिसळते, ती सुरिमीची. राणी मासा, ढोमा, चोर बोंबील अशी ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात येणारी आणि बाजारात तुलनेने कमी भाव मिळणारी मासळी घेऊन तिचे डोके आणि पोट काढतात, मग यंत्राने काटा आणि कातडी वेगळी करून मांस थंड पाण्यात अनेकदा धुतात, पिळतात, त्यात साखरेसारखे घटक मिसळतात आणि त्या पांढऱ्या लगद्याचे ठोकळे गोठवतात. जपान, थायलंड अशा देशांत त्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या आणि इतर पदार्थ होतात. इथे डोके छाटणे आणि पोट साफ करणे हे हाताचे काम उरते; पुढचे सगळे यंत्र करते. म्हणजे सुरिमीचा कारखाना वाढला तर छाटणी करणाऱ्यांची गरज वाढेल हे खरे, पण टनामागे लागणारे हात सोलाईपेक्षा पुष्कळ कमी असतात. मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात तर माणसे त्याहूनही थोडी लागतात, आणि बारीक मासळी जितकी तिकडे वळेल तितका इतर कामांना माल कमी पडतो.

आता दिवसांचा हिशेब. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी असते. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र निवळलेला नसतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या बाहेर पडतात आणि मालाला खरा जोर सप्टेंबरपासून येतो. तारली-बांगड्याचे मोठे घोळके पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांना राज्यात २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिलेला आहे. जानेवारीनंतर आवक उतरते. काही आठवडे उत्तम जातात, काही कोरडे. त्यात वादळे येतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे ऐन हंगामात लागोपाठ आली, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार त्या वर्षी महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे दोन लाख टनांवर घसरली. त्याआधीच्या ४५ वर्षांतली ती सर्वांत कमी होती. वादळाच्या दिवसांत होड्या बंदरात बांधलेल्या असतात आणि उक्त्या कामाच्या बाईला त्या दिवसांचे काहीच मिळत नाही.

म्हणून ‘रोज किती सुटतात’ हा प्रश्न अपुरा आहे. समजा एका जागी दिवसाला ५०० रुपये सुटतात आणि वर्षात २१० दिवस काम लागते. वर्षाचे १,०५,००० झाले, म्हणजे महिन्याला सरासरी ८,७५०. दुसऱ्या जागी ४०० रुपयेच मिळतात, पण ३०० दिवस; वर्षाचे १,२०,००० आणि महिन्याला १०,०००. शंभर रुपये कमी देणारी जागा इथे जास्त देते. जो कारखाना स्वतःच्या बंदरावरच्या मालाखेरीज तलावातली कोळंबी किंवा दुसऱ्या राज्यातून आलेला माल घेतो, तोच पावसाळ्यातही भट्टी पेटती ठेवू शकतो. (भट्टी हा शब्द बर्फाच्या कारखान्याला शोभत नाही, पण चालू धंद्याला आपल्याकडे तसेच म्हणतात.) तलावातली कोळंबी म्हणजे मुख्यतः वनामी, जिला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली. तिचे मोठे क्षेत्र आंध्र प्रदेशात आहे. आपल्याकडे पालघर, रायगड आणि रत्नागिरीच्या खाडीकाठी काही प्रमाणात ती होते. कोकणातला रोजगार बाराही महिन्यांचा व्हायचा असेल तर या खाडीकाठच्या शेतीचा विस्तार हाच मला त्यातल्या त्यात विश्वासाचा मार्ग वाटतो, अर्थात कांदळवनाला धक्का न लावता, कारण समुद्रातल्या कोळंबीची पिल्ले वाढतात ती त्याच कांदळवनाच्या आसऱ्याने.

अमेरिकेच्या आयात कराबद्दलही इथेच बोलले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा अतिरिक्त कर आधी २५ आणि २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेला. गोठवलेल्या कोळंबीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश तोच असल्याने आंध्रच्या शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना थेट फटका बसला. कोकणच्या समुद्रातली कोळंबी मात्र त्या बाजारात आधीपासूनच जात नव्हती. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवे अडकू नयेत म्हणून लागणारी सुटकेची चौकट आपल्या जाळ्यांना नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवलेले आहे. आपला समुद्री माल चीन, जपान, आग्नेय आशिया, युरोप अशा दिशांना जातो. तरीही आपण सुरक्षित आहोत असे मानता येत नाही. अमेरिकेत न गेलेली वनामी दुसरीकडे वळते, त्या बाजारांत भाव पडतो, निर्यातदार बंदरावर बोली कमी लावतो, आणि डिझेलचा खर्च निघत नाही असे दिसले की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडी बाहेर काढत नाही. कराची बातमी वॉशिंग्टनहून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला पोहोचते ती अशी वळसे घेत, पण पोहोचते. उलट दिशेचे उदाहरणही आहे: ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात सागरी उत्पादनांवरचा तिथला कर काढण्याची तरतूद आहे. असे बाजार उघडले तर सोललेल्या, शिजवलेल्या, पीठ लावून तयार केलेल्या मालाची मागणी वाढू शकते, आणि तयार मालाला टनामागे हात जास्त लागतात. कासवांच्या सुटकेची चौकट जाळ्यांना बसवणे हा मच्छीमारांना खर्चाचा आणि कटकटीचा विषय वाटतो. पण त्या चौकटीशी सोलाईच्या टेबलावरच्या बायांचेही काम बांधलेले आहे, हे सहसा कोणी त्यांना सांगत नाही.

यंत्रे हे काम खाऊन टाकतील का, असेही विचारले जाते. सोलण्याची यंत्रे आहेत आणि जगात वापरली जातात. पण यंत्राला एकाच आकाराचा माल, तोही सतत, मोठ्या प्रमाणात लागतो. आपल्या जाळ्यात एकाच फेरीत पाच प्रकारची कोळंबी, माकूल आणि वाकटी एकत्र येते; ती निवडायला अजून तरी माणसाचे डोळे आणि बोटेच स्वस्त पडतात. म्हणून कोकणात सोलाईचे काम यंत्रामुळे लगेच जाईल असे मला वाटत नाही. ते कमी झालेच तर माल कमी झाल्यामुळे होईल. प्रतवारी, गोठवणे आणि वेष्टन या टप्प्यांवर मात्र यंत्रे भराभर येत आहेत आणि तिथली साधी उचलठेव करणारी माणसे कमी होत जातील.

त्याच कारखान्यात वाढत्या मागणीच्या जागा कोणत्या, हे तरुणांनी नीट पाहावे. शीतकरणाचा प्लांट अमोनियावर चालतो. कॉम्प्रेसर चालवणारा आणि गळती झाली तर काय करायचे हे जाणणारा माणूस चोवीस तास लागतो, माल असो वा नसो, कारण शीतगृहात आधीचा माल पडलेलाच असतो. बंदीच्या दोन महिन्यांत ज्याची हजेरी तुटत नाही असा कारखान्यातला कामगार तोच. आयटीआयमधला शीतकरण आणि वातानुकूलनाचा अभ्यासक्रम त्यासाठी पुरतो. दुसरी जागा तपासणीची. युरोपात माल पाठवायचा तर कारखान्याचे नाव युरोपीय संघाच्या मान्य यादीत असावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावरचे तापमान, स्वच्छता, प्रतिजैविकांचे अंश, जंतू यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्यासाठी मान्यताप्राप्त तंत्रज्ञ लागतात. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. पदवी नसली तरी लिहिता-वाचता येणारी, तापमानाची नोंदवही बिनचूक ठेवणारी बाई टेबलावरून देखरेखीच्या जागेवर जाऊ शकते. ती फार वेळा जात नाही, याचे कारण मला कौशल्यापेक्षा सवयीत दिसते: पर्यवेक्षक म्हटला की पुरुष, असे ठरूनच गेलेले असते.

कायद्याच्या बाजूने एक मोठा बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे आहे, उक्त्या कामालाही किमान वेतनाची हमी आहे, ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते आणि रात्रपाळीला बाईची संमती आणि सुरक्षेची सोय आवश्यक आहे. भविष्य निर्वाह निधी २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. ठेकेदारी कामगारांच्या तरतुदींसाठीची मर्यादा मात्र २० वरून ५० कामगारांवर गेली आहे, म्हणजे त्याहून छोटा ठेकेदार त्यांतून सुटतो, आणि सोलाईचे काम बहुधा छोट्या ठेकेदारांमार्फत चालत असल्याने ही बारीक ओळ किनाऱ्यावर जड जाणार आहे.

कामगार राज्य विमा योजनेची (ईएसआय) गोष्ट थोडी तपशिलात सांगतो, कारण हंगामी कामाशी तिचा थेट संबंध आहे. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला ती लागू असते. आजारपणाचा भत्ता मिळायचा तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची हजेरी भरावी लागते, आणि हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले आहेत. पहिल्या काळात जून-जुलै बंदीत जातात. उरलेल्या चार महिन्यांत आठवड्याची सुटी सोडून एकही दिवस चुकवला नाही तरी शंभरेक दिवस होतात, आणि त्यात मेमधले कोरडे आठवडे आणि ऑगस्टमधला खवळलेला समुद्र वजा करायचा. ७८ चा आकडा हुकायला तेवढे पुरते. तो हुकला की पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये भत्ता नाही. पाणी गळ्याशी येण्याआधी हजेरी भरून काढायची ती याच सप्टेंबरात, हे जुन्या बायांना अनुभवाने ठाऊक असते. नव्यांना कोणी तरी सांगायला हवे.

कारखान्याबाहेरही थोडे काम आहे. पालघर-वसईकडे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळतात, आणि मुंबई-पुण्यात साफ करून, तुकडे करून घरपोच मासे देणाऱ्या व्यवसायामुळे कापणीची नवी केंद्रे उभी राहत आहेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ, वाहन, विक्री केंद्र किंवा छोटा प्रक्रिया उद्योग यांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. उरलेले ४० टक्के उभे करायला बचत गटाला बँक दारात उभी करते का, हा वेगळा प्रश्न.

कामावर जाण्याआधी विचारायचे ते असे: गेल्या वर्षी सोलाई किती दिवस चालली, जून-जुलैत माल कुठून येतो, काउंट बदलला की दर बदलतो का, आणि हजेरी कारखान्याच्या वहीत लागते की मुकादमाच्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळाले नाही तर सुटीच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहावे. बाहेर पडणाऱ्या बायांना ते दिवसागणिक पाठ असते.